अकरा बाटल्या आणि दोन टन

होळीच्या आधीच्या रविवारी मी गाडी आतून साफ करायला घेतली. ड्रायव्हरच्या सीटखालून पाण्याची एक रिकामी बाटली निघाली, मग दुसरी, आणि मागच्या सीटखालून तर रांगच लागली. आई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली होती, ती मोठ्यानं मोजत होती. अकरावर थांबली आणि म्हणाली, "काहून बाई, भंगाराचं दुकान टाकून राहिली काय?"

आई ७८ वर्षांची आहे. तिच्या रुखवतातला फिरकीचा पितळी तांब्या अजून आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर असतो. तिच्या काळी प्रवास म्हणजे तो तांब्या, होल्डॉल आणि डब्याच्या खिडकीबाहेर लटकवलेली छागल. जाड कॅनव्हासच्या त्या पिशवीतून पाणी किंचित पाझरायचं, वारा लागून उडून जायचं आणि आतलं पाणी गार व्हायचं. मला लहानपणचा वर्धा-नागपूर प्रवास त्या कॅनव्हासच्या वासासकट आठवतो. मे महिन्यात ४५ अंशाला बर्फाशिवाय गार पाणी. आता माझ्या गाडीला एसी आहे आणि सीटखाली अकरा बाटल्या.

लाज वाटली हे खरं. पण मी पडले हिशेबाची बाई, पतसंस्थांचं लेखापरीक्षण करते. लाज वाटली की मी आधी वजनकाटा काढते. अकराही बाटल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या तर पाव किलोही भरल्या नाहीत. म्हटलं, हा झाला एक खर्च. बाकीचे कुठे आहेत?

बाकीचे खर्च फायलीत होते. गोंदिया, भंडारा, वर्धा, चंद्रपूर अशा कामाच्या फेऱ्यांचं पेट्रोल मला परत मिळतं, म्हणून पंपावरची प्रत्येक पावती मी जपून ठेवते. त्याच सवयीनं घरच्या प्रवासाच्याही ठेवते. वर्षभराच्या पावत्या मांडल्या. गाडी १४,००० किलोमीटर धावली होती आणि ८७५ लिटर पेट्रोल प्याली होती. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती, कारण लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलोच्या आसपास. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे निघतील? पण पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन आपल्याला जोडून घेतो, वजन त्याचं वाढतं. तर ८७५ गुणिले २.३. इथेनॉलची मिसळ वगैरे सोडून ढोबळ हिशेब केला, तरी दोन टन.

एकीकडे पाव किलो प्लास्टिक, दुसरीकडे दोन टन धूर. मी वर्षानुवर्षं कापडी पिशवी नेते, हॉटेलातली शाम्पूची बाटली फोडत नाही, टॉवेल रोज बदलू नका असं सांगते, आणि त्यावर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेते. ताळेबंदाच्या भाषेत सांगायचं तर मी स्टेशनरीच्या खर्चात काटकसर करत होते आणि पगाराच्या रकमेकडे बघतच नव्हते.

पगाराची रक्कम म्हणजे पुणे. लेक तिथे असते. आम्ही दोघं वर्षातून तीनदा गाडीनं गेलो होतो. नागपूरहून जाऊन येऊन जवळपास १,४४० किलोमीटर, म्हणजे ९० लिटर, म्हणजे दोनशे किलोच्या वर धूर. तीन फेऱ्यांचे सहाशेच्या पुढे. त्याच गाडीत चौघं असते तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा आला असता, पण मागच्या सीटवर कोण, तर दिवाळीच्या फराळाचे डबे.

शिवाय आमच्या ह्यांना समृद्धी महामार्गावर गाडी पळवायची भारी हौस. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे आणि हे मर्यादेचं अगदी काटेकोर पालन करतात, म्हणजे १२० च्या खाली येतच नाहीत. मी एकदा जाताना १२० आणि येताना ९० असा प्रयोग करायला लावला. जाताना लिटरला १३ किलोमीटर मिळाले, येताना १७. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, हे शाळेत शिकलेलं मला पेट्रोलच्या पावतीवर दिसलं. येताना ह्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. कारंजाजवळ एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला, तेव्हा मात्र खोल सुस्कारा टाकला.

मग रेल्वे. नागपूरकर म्हणून आपण झिरो माईलचं, म्हणजे देशाचा मध्य समजल्या जाणाऱ्या त्या दगडाचं, कौतुक सांगतो, पण खरी श्रीमंती स्टेशनात आहे. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथे एकमेकांना छेदतात. चारी दिशांना गाडी मिळते असं शहर देशात किती जणांच्या नशिबी असतं? आणि आपण लग्नकार्याला निघालो की आधी विमानाचे दर बघतो. विमानाचं इंधन मिनिटाला सगळ्यात जास्त जातं ते वर चढताना, त्यामुळे छोट्या पल्ल्याचं उड्डाण धुराच्या हिशेबात किलोमीटरमागे जास्तच महाग पडतं. नागपूर-पुणे हे तसलंच, चढलं नाही तोवर उतरायला लागतं.

माझ्या दिरांनी मला अडवलं. म्हणाले, "वहिनी, तुमची रेल्वे विजेवर चालते हे मान्य, पण वीज कोराडी-खापरखेड्याचीच ना? कोळसा जळतोच की." बरोबर आहे. आपल्या गच्चीवरून उत्तरेला त्या वीज केंद्रांच्या चिमण्या दिसतात, मी नाकारू कशी? पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं तेव्हा घर्षण फार कमी असतं, आणि थ्री टियरच्या एका डब्यात ७२ माणसं झोपतात, असे वीसेक डबे एक इंजिन ओढतं. नवी इंजिनं ब्रेक लावताना थोडी वीज तारेला परतही देतात. म्हणून माझ्या एकटीच्या वाट्याला येणारा कोळसा गाडीच्या पेट्रोलपुढे अगदी किरकोळ असतो. दीर म्हणाले, "मग मी विमानानं जातो आणि एक झाड लावतो." त्यावर माझ्यातला ऑडिटर जागा झाला. आज धूर सोडायचा आणि झाड वीस वर्षांत तो ओढून घेईल असं धरून आजच खातं बरोबर करायचं, म्हणजे न आलेली रक्कम जमा दाखवणं. अशा नोंदीखाली मी सही करत नाही. त्यातून त्यांनी मागच्या मे महिन्यात लावलेला कडुनिंब जूनपर्यंत वाळला होता.

रेल्वेचं कौतुक सांगताना तिचा जाचही सांगायला हवा. पुण्याची गाडी भुसावळ, मनमाड, दौंड असा मोठा वळसा घेते. दिवाळीत आरक्षण मिळत नाही म्हणजे नाही, वेटिंग लिस्ट बघून रक्तदाब वाढतो. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, ती बारा तासांत पोचवते, पण बारा तास बसून. माझी कंबर पन्नाशी ओलांडलेली आहे, तिचंही मत घ्यावं लागतं. मी रात्रीचीच गाडी धरते. घरापासून सुभाष नगरचं मेट्रो स्टेशन चालत सात मिनिटांवर आहे आणि ती मेट्रो थेट रेल्वे स्टेशनपाशी सोडते. चाकाच्या बॅगेला मेट्रोत कुणी नाक मुरडत नाही. स्टेशनच्या छपरावर सौर पॅनेल आहेत हे पाहून बरं वाटतं, पण त्याहून बरं वाटतं ते ऑटोवाल्याशी घासाघीस करावी लागत नाही म्हणून.

पाण्याचं मात्र पहिल्याच खेपेला फजितीनं फसलं. स्टीलच्या दोन बाटल्या भरून नेल्या, भुसावळला भरून घेऊ म्हटलं. मे महिना. फलाटावरच्या नळाचं पाणी इतकं गरम की त्यात चहापत्ती तेवढी टाकायची राहिली होती. गुपचूप बाटली विकत घेतली. आता मी घरूनच तीन नेते, त्यातली एक थर्मासची, आणि माठातलं पाणी भरते. ओझं होतं. फिरकीच्या तांब्याला इतकी जाड कडी का असायची ते मला आता कळतं.

शिदोरी हा माझ्या आवडीचा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळते. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या तर दोन दिवस मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, लिंबाचं मुरलेलं लोणचं. संत्री हंगामात असली तर प्रश्नच मिटतो, कारण संत्र्याचं वेष्टण झाडावरच येतं. गाडीत मिळणाऱ्या एका जेवणासोबत ट्रे, त्यावरची पन्नी, पाण्याची बाटली, लोणच्याची पुडी, चमच्याची पुडी, हात पुसायच्या कागदाची पुडी असा पसारा येतो. माझ्या डब्यानंतर उरतो तो धुवायचा डबा. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी पुरी घेतली, मी त्यांची शेव घेतली, आणि अकोला येईपर्यंत त्यांच्या सुनेची सगळी माहिती माझ्याकडे जमा झाली.

त्याच प्रवासात एक गृहस्थ उठले, जेवणाचा रिकामा ट्रे नि पन्नी गोळा केली. मला वाटलं, वा, कचरापेटीत टाकायला निघाले. ते दारापर्यंत गेले, दार उघडलं आणि सगळं बाहेर भिरकावलं. मी बघत राहिले. काही बोलले नाही. रात्रभर मनात वाक्यं जुळवत होते, सकाळी ते दौंडला उतरून गेले.

ताडोब्याचं सांगायलाच हवं, कारण निसर्ग बघायला जाऊन निसर्गाचंच जास्तीत जास्त वाटोळं मी तिथे केलं होतं. आधीची सहल अशी: पहाटे तीनला गाडीनं निघायचं, सकाळची सफारी, मधल्या वेळात पोहण्याचा तलाव असलेल्या हॉटेलात १८ वर एसी, दुपारची सफारी, रात्री घरी. वाघ दिसला तर पैसे वसूल. एका वाघिणीभोवती बारा जिप्सी उभ्या, कुणाचं इंजिन बंद नाही, आणि आमचा गाइडला आग्रह, "अजून थोडं पुढे घ्या ना."

२०२४ च्या फेब्रुवारीत ताडोब्याच्या बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतालच्या पट्ट्यातल्या, एका वाघाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. पाण्यात पडलेली प्लास्टिकची बाटली तो तोंडात धरून चालला होता. तो बघितल्यापासून मी बाटल्यांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवते. धुराच्या वहीत पाव किलो प्लास्टिकला किंमत नाही, पण वाघाच्या जबड्यात एक बाटलीही पुरते.

तर या जानेवारीत मी आणि मैत्रीण एसटीनं गेलो. आईपण आली, तिची मावसबहीण चंद्रपूरला असते. ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे तिघींचं मिळून एक तिकीट पडलं. हिशेबाच्या बाईला याहून मोठा आनंद नाही. जाम, वरोरा, भद्रावती करत गाडी चंद्रपूरला पोचली. आईला बहिणीकडे सोडलं आणि आम्ही दोघी पुढे ताडोब्याच्या वेशीवरच्या मोहर्ली गावाला. हा रस्ता प्रत्येक पर्यटकानं डोळे उघडे ठेवून बघावा. दुर्गापूरला महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, २,९२० मेगावॅटचं केंद्र आहे ते, मग कोळशाच्या खाणी, मातीचे डोंगर, आणि त्यानंतर लगेच जंगल. आधी मी या रस्त्यानं पहाटेच्या अंधारात झोपेत गेले होते. १८ वर लावलेल्या माझ्या एसीची वीज कुठून येते, हे जाता जाता वाटेवरच उभं होतं.

या वेळी गावातल्या एका घरी दोन रात्री राहिलो. जानेवारीत पंखाही लागला नाही. आंघोळीला चुलीवरचं बादलीभर पाणी. जेवायला भाकर, वांग्याची भाजी, वर भरपूर सांबार पेरलेलं, म्हणजे कोथिंबीर हो, बाहेरगावच्या वाचकांनी इडली शोधू नये. सफारी एकच घेतली. आमची गाइड मोहर्लीचीच मुलगी होती. तिला सुरुवातीलाच सांगितलं, वाघामागे धावायचं नाही. ती आधी संशयानं बघायला लागली, मग खुलली. गाडी बंद करून पाणवठ्याशी अर्धा तास थांबलो. चितळांचा कळप, एक मोर, आणि अस्वलाची पावलं. वाघ दिसला नाही. मैत्रीण परत येईपर्यंत थोडी घुश्शात होती, हे नमूद करते.

आईसोबतची रामटेकची फेरीही नागपूरच्या इतवारी स्टेशनवरून पॅसेंजरनं केली. ५० किलोमीटरच्या आतलं गाव, पण आम्ही आजवर गाडीशिवाय गेलो नव्हतो. आईनं हट्टानं बाजारातून पळसाच्या पत्रावळी आणल्या. नीट बघितल्या तर वरून पान आणि खालून प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेला. दुकानदाराला परत केल्या, तर तो म्हणाला, "मावशी, आता अशाच येतात." शेवटी घरच्या स्टीलच्या ताटल्या नेल्या. गडावर पोचलो, पायऱ्यांवर टेकलो, आणि एका काळतोंड्या माकडानं शिदोरीची कापडी पिशवी खांद्यावरून ओढून नेली. दशम्या गेल्या, चटणी गेली. आई शांतपणे म्हणाली, "नेऊ दे. पन्नी तं नाही खाल्ली त्यानं." आम्ही खाली येऊन तर्री पोहे खाल्ले, आमच्याच ताटल्यांत.

सगळ्यात मोठी बचत झाली ती फेऱ्या कमी करून. पुण्याला तीनदा तीन-तीन दिवस जाण्याऐवजी एकदाच बारा दिवस गेले, रेल्वेनं. लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "बारा? आई, बारा?" पाचव्या दिवशी माझं नि तिचं भांड्यांच्या जागेवरून वाजलं, आठव्या दिवशी जावईबापूंनी ऑफिसात जास्त काम असल्याचं जाहीर केलं. पण तिसऱ्या दिवसानंतरच ती तिच्या कामातल्या अडचणी माझ्याशी बोलायला लागली, आणि तीन दिवसांच्या फेरीत तो तिसरा दिवस बॅग भरण्यात जायचा. कामाच्या फेऱ्यांचंही तसंच केलं. गोंदिया आणि भंडारा एकाच आठवड्यात जोडले, दोन संस्थांना त्यांची कागदपत्रं स्कॅन करून आधी पाठवायला लावली. वर्षअखेर पावत्या मांडल्या: ६,५०० किलोमीटर, ३८२ लिटर. दोन टनांचे नऊशे किलोच्या आत आले. हॉटेल, रेल्वे, एसटी यांचा वाटा वेगळा, तो मला नेमका मांडता आलेला नाही, म्हणून ताळेबंद अपुरा आहे असा शेरा मारून ठेवते.

आणि आता, वही अशी नीटनेटकी झाल्यावर, गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "मले एकदा विमानात बसव ना बाई. सगळ्या बसल्या, मीच राहिली."

मी तिला उड्डाणाला इंधन किती लागतं ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ७८ वर्षांत या बाईनं जेवढा प्रवास केला, तो जवळपास सगळा बैलगाडी, पॅसेंजर आणि एसटीत केला. जन्मभराच्या तिच्या खात्यावर इतकी शिल्लक पडली आहे की मी एका वर्षाच्या वहीवरून तिला काय शिकवणार? नातीकडे जाताना विमान आणि येताना रेल्वे, अशी दोन तिकिटं काढली. विमानतळापर्यंत मेट्रोनं जाऊ म्हटलं, तर त्याला ती लगेच तयार झाली.

तेव्हापासून तिची तयारी चालू आहे. वरच्या फळीवरून तांब्या खाली आला, चिंचेनं घासून लख्ख झाला. काल विचारत होती, विमानात नेऊ देतात का. मी म्हटलं, रिकामा असेल तर देतात, तपासणी झाल्यावर आत पाणी भरून घ्यायचं.

"मंग भरलेला काहून नाही?" म्हणाली. "आपल्या माठाचं पाणी हाये. त्यात काय तपासतात?"